‘फ्री एजंट’ला मराठीत काय म्हणावे?

नागपाड्यात मुलांना बास्केटबॉल शिकवणाऱ्या एका वाचकांनी विचारले आहे की, अमेरिकेतील एनबीए स्पर्धेच्या बातम्यांत येणाऱ्या ‘फ्री एजंट’ (म्हणजे आपल्या पसंतीच्या संघाशी करार करायला मोकळा असलेला खेळाडू) या संज्ञेसाठी ‘मुक्त अभिकर्ता’ म्हणावे की ‘करारमुक्त खेळाडू’. ‘रिस्ट्रिक्टेड फ्री एजंट’साठी त्यांनी ‘प्रतिबंधित मुक्त खेळाडू’ असेही कोठेतरी वाचले आहे.

पहिली अडचण ‘एजंट’ या शब्दाचीच आहे. मुंबईत विम्याचा, भाड्याच्या खोलीचा किंवा रेल्वेच्या तिकिटाचा व्यवहार दुसऱ्यासाठी जुळवून देणारा तो एजंट. त्यामुळे ‘फ्री एजंट’ ऐकताच दलाली न घेणारा दलाल डोळ्यांसमोर उभा राहतो. कायद्याच्या मराठीतला ‘अभिकर्ता’ही दुसऱ्याच्याच वतीने वागतो, म्हणून तो येथे निरुपयोगी आहे. २०१८ मध्ये लेब्रॉन जेम्स क्लीव्हलँड सोडून लॉस एंजेलिस लेकर्सकडे गेला, तेव्हा फ्री एजंट तो स्वतः होता आणि त्याच्यासाठी बोलणी करणारा एजंट रिच पॉल होता. या दोघांना एकच शब्द लावला तर बातमीचा अर्थच लागणार नाही. मूळ संज्ञेतला एजंट म्हणजे स्वतःच्या इच्छेने कृती करणारा, व्याकरणातला कर्ता होय. पाणिनीचे ‘स्वतन्त्रः कर्ता’ हे सूत्र शब्दशः ‘फ्री एजंट’च आहे, हा योगायोग मला फार आवडतो, परंतु क्रीडापानावर ‘स्वतंत्र कर्ता’ छापले, तर एकत्र कुटुंबाच्या मिळकतीचा वाद चालला आहे असे कोणाला तरी वाटेल.

‘करारमुक्त’ कानाला चांगला लागतो आणि काही काळ मीही तोच वापरत होतो. तथापि बदली झालेल्या कर्मचाऱ्याला कार्यालय ‘कार्यमुक्त’ करते. त्याच चालीवर ‘करारमुक्त’ म्हटले की संघाने खेळाडूला मुदतीआधीच सोडून दिले, असा अर्थ निघू शकतो. त्याहून मोठी हरकत अशी की, करार संपणे आणि खेळाडू मोकळा होणे या दोन गोष्टी एनबीएत दीर्घकाळ एक नव्हत्या. करार संपला तरी खेळाडूवरचा संघाचा हक्क संपत नसे. खेळाडू संघटनेचे अध्यक्ष ऑस्कर रॉबर्टसन यांनी १९७० साली याविरुद्ध दावा लावला. १९७६ मध्ये तडजोड झाली, पण पुढेही दुसऱ्या संघाने देऊ केलेली रक्कम स्वतः देऊन खेळाडूला राखून ठेवण्याची मुभा जुन्या संघाकडे राहिली. एनबीए आणि खेळाडू संघटना यांच्यातील १९८८ च्या नव्या करारनाम्यानंतर टॉम चेंबर्स सिएटलहून फिनिक्सला गेला, तो कोणत्याही अटीविना मुक्त झालेला पहिला खेळाडू मानला जातो. एवढ्या झगड्यातून जे मिळाले, ते कराराच्या समाप्तीपेक्षा संघाच्या हक्कातून झालेली सुटका होते. म्हणून ‘मुक्त’ ठेवावा, ‘एजंट’ सोडावा आणि सरळ ‘मुक्त खेळाडू’ म्हणावे, असे माझे मत आहे. ‘स्वतंत्र खेळाडू’ मात्र नको. तो निवडणुकीतल्या अपक्षासारखा वाटतो.

‘प्रतिबंधित’ तर अगदीच चुकीचा, कारण क्रीडापानावर प्रतिबंधित म्हणजे उत्तेजक द्रव्य घेतल्यामुळे बंदी आलेला. येथे प्रकार असा असतो की खेळाडू दुसऱ्या संघाच्या प्रस्तावावर सही करू शकतो, पण जुन्या संघाने ठरलेल्या मुदतीत तेवढेच मानधन मान्य केले तर त्याला तेथेच राहावे लागते. २०१८ च्या आयपीएल लिलावातील ‘राइट टू मॅच’, म्हणजे सर्वोच्च बोलीएवढी रक्कम देऊन आपला जुना खेळाडू परत घेण्याची संघाची मुभा, आठवणाऱ्यांना हे लगेच कळेल. फरक एवढाच की तेथे बोली संघमालक लावत होते, येथे कोणाचा प्रस्ताव घ्यायचा हे खेळाडू ठरवतो. ‘सशर्त जामीन’ आपण रोज वाचतो, त्याच धर्तीवर ‘सशर्त मुक्त खेळाडू’ म्हटले तर मुक्ती आणि तिच्यावरची अट दोन्ही एका दमात सांगता येतात.

हे झाले छापील मजकुराचे. मैदानावर मुलांशी बोलताना ‘यंदा तो मोकळा होतोय’ एवढे पुरे आहे. वाटाघाटींबद्दलही तेच: लेखात ‘वाटाघाटी’ शोभतात, बोलताना ‘बोलणी चालू आहेत’ किंवा ‘बोलणी फिसकटली’ म्हणावे. ‘घासाघीस’ मात्र रकमेपुरतीच वापरावी, कारण कराराची वर्षे किती आणि शेवटचे वर्ष खेळायचे की नाही हे ठरवण्याचा अधिकार कोणाचा, यावरही ही बोलणी तितकीच अडतात.