प्रश्न तुमचे: खांदेरीच्या नाकेबंदीपासून फाट्यावरच्या रास्ता रोकोपर्यंत

प्रश्न : १६७९ साली इंग्रजांनी खांदेरीची नाकेबंदी केली होती. त्यांची जहाजं मोठी, तोफा भारी. तरी बेटावरचं बांधकाम थांबलं नाही, हे कसं? – एक वाचक, थळ (ता. अलिबाग)

उत्तर : उत्तर तुमच्या गावासमोरच्या पाण्यातच आहे. शिवाजी महाराजांच्या हुकमाने मायनाक भंडारी यांनी ऑगस्ट १६७९ मध्ये खांदेरीवर माणसं उतरवून तटाचं काम सुरू केलं. मुंबई बंदराच्या तोंडाशी किल्ला उभा राहतोय म्हटल्यावर सप्टेंबरात इंग्रजांची जहाजं बेटाभोवती आली. त्यांचा हिशोब सरळ होता : दगड, चुना, धान्य, दारूगोळा काहीही बेटावर पोचू द्यायचं नाही, मग माणसं आपोआप उतरतील.

पण किनारा ते खांदेरी अंतर सुमारे ५ किलोमीटर. भरलेली होडी वल्ह्यांवर ताशी तीन-साडेतीन किलोमीटर चालली तरी दीड तासात पोचते. पावसाळा सरला की रात्री जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारा सुटतो. त्यात ओहोटी साधली तर वारा आणि पाणी दोन्ही होडीच्या पाठीशी. थळ-नागावकडून अंधारात सुटायचं, माल उतरवायचा आणि भरतीच्या पाण्याबरोबर माघारी यायचं. इंग्रजांच्या मोठ्या जहाजांना मात्र हालायला शीड आणि वारा लागे. वारा पडला की ती जागच्या जागी. शिवाय त्यांचा तळ खोल, त्यामुळे किनाऱ्याकडच्या उथळ, खडकाळ पाण्यात शिरायची सोय नाही. नांगर उचलून शीड चढवेपर्यंत होडी निघून गेलेली असे.

१८ ऑक्टोबर १६७९ ला मराठ्यांचा आरमारी सरदार दौलतखान याचं आरमार चालून आलं. इंग्रजांचं ‘डव्ह’ हे गुराब जातीचं जहाज मराठ्यांच्या हाती लागलं, पण त्यांच्याच ‘रिव्हेंज’ या जहाजाने तोफा चालवून आरमाराला मागे हटवलं. त्या दिवसाची लढाई कोणी जिंकली यावर वाद घालता येईल. नाकेबंदीच्या हिशोबात त्या वादाला फारशी किंमत नाही, कारण रसद पुढेही पोचतच राहिली. लढाई एका दिवसात जिंकता येते. नाकेबंदी रोज रात्री नव्याने जिंकावी लागते, आणि इंग्रजांना ते जमलं नाही.

आणखी एक गणित लोक विसरतात. एका जागी कायम एक जहाज उभं ठेवायचं तर पदरी तीन लागतात : एक पहाऱ्यावर, एक येण्याजाण्याच्या वाटेत, एक पाणी, सरपण आणि डागडुजीसाठी बंदरात. मराठ्यांचा वैरी, जंजिऱ्याचा सिद्दी, याने जानेवारी १६८० मध्ये शेजारच्या उंदेरी बेटावर ठाणं बसवलं, ते यामुळेच शहाणपणाचं म्हणावं लागेल. खांदेरी आणि किनारा यांच्या मधलं ते बेट म्हणजे वाटेचा गळाच. तिथल्या तोफांना ना वाऱ्याची गरज, ना नांगराची. तोवर इंग्रज मात्र थकले होते. त्यांनी तह करून जहाजं काढून घेतली आणि खांदेरी मराठ्यांकडेच राहिली.

प्रश्न : वेढा आणि नाकेबंदी यांत फरक काय? – एक वाचक, गुहागर

उत्तर : वेढा ठाण्याला पडतो, नाकेबंदी वाटेची होते. वेढ्यात शेवटी आत शिरायचं असतं. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये वसईला मोर्चे लावले, तटाखाली सुरुंग उडवले आणि मे महिन्यात पोर्तुगिजांनी किल्ला सोडला. नाकेबंदी करणाऱ्याला आत शिरायचं नसतं. तो येणं-जाणं तोडतो. मराठा आरमाराचे आंग्रे दर्यावर्दी व्यापाऱ्यांकडून दस्तक (समुद्रातून जाण्याचा परवाना) मागत, ती मात्र नाकेबंदी नव्हे. दस्तक घेतलेल्याला वाट मोकळीच होती.

प्रश्न : आजच्या युद्धात एखादा देश ‘बंदर बंद’ असं नुसतं जाहीर करू शकतो का? – एक विद्यार्थिनी, रत्नागिरी

उत्तर : नुसत्या जाहीर करण्याला किंमत नाही. १८५६ च्या पॅरिस जाहीरनाम्यानेच कागदी नाकेबंदी अमान्य ठरवली. नाकेबंदी प्रत्यक्षात टिकेल एवढं बळ समुद्रावर हवं. १९९४ च्या, समुद्री युद्धाच्या सॅन रेमो नियमावलीत बाकीच्या अटी सविस्तर आहेत. सुरुवात कधी, मुदत किती, हद्द कुठवर आणि तटस्थ देशांच्या जहाजांना बाहेर पडायला किती वेळ, हे सगळं आधी कळवावं लागतं. सर्व देशांच्या जहाजांना एकच नियम लागतो. एकाला सोडलं आणि दुसऱ्याला अडवलं, की नाकेबंदीचा कायदेशीर आधारच जातो.

या नियमावलीतलं सर्वांत मोलाचं कलम अन्नाचं आहे. नागरिकांची उपासमार करणं हाच हेतू असेल तर नाकेबंदी बेकायदा. आतल्या लोकांना अन्न आणि जगण्यासाठी अत्यावश्यक वस्तू पुरेशा मिळत नसतील, तर त्या मदतीला वाट द्यावी लागते. ती देताना तपासणीचा हक्क मात्र राहतो.

मुदत कशी देतात याचं एक उदाहरण. मे १९७२ मध्ये अमेरिकेने उत्तर व्हिएतनामच्या हायफाँग बंदरात पाणसुरुंग टाकले, ते तीन दिवसांनी जिवंत होतील असे लावले होते. तेवढ्यात परदेशी जहाजांनी निघून जावं, हा त्यामागचा उद्देश. नाकेबंदी ही युद्धाचीच कृती मानली जाते, म्हणून १९६२ मध्ये क्यूबाभोवती जहाजं उभी करताना अमेरिकेने तो शब्द टाळून ‘क्वारंटाइन’ म्हटलं.

प्रश्न : आमच्या फाट्यावर भुयारी मार्ग हवा. त्यासाठी महामार्गावर अर्धा तास रास्ता रोको करायचं ठरतंय. कायदा काय सांगतो, काळजी काय घ्यावी? – ग्रामस्थ, चिपळूण तालुका

उत्तर : कायदा आधी. शांततेने, शस्त्राविना जमणं हा घटनेच्या कलम १९ नुसार हक्क आहे. रस्ता अडवणं हा हक्क नाही. सार्वजनिक रस्ता बेमुदत अडवून धरता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने ७ ऑक्टोबर २०२० च्या शाहीन बाग (दिल्लीतल्या रस्ता अडवणाऱ्या आंदोलनाच्या) निकालात स्पष्ट केलं आहे. भारतीय न्याय संहितेचं कलम १२६ (वाट अडवणं : एक महिन्यापर्यंत साधी कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही) आणि कलम २८५ (रस्त्यात अडथळा : ५,००० रुपयांपर्यंत दंड) लागू शकतात. जिल्ह्यात महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ चा जमावबंदी आदेश चालू आहे का, ते पोलीस ठाण्यात आधी विचारा. बैठकीत सगळ्यांना हे उघड सांगा. तरुण मुलांवर गुन्हा नोंदला जाऊ शकतो, हे त्यांना आधी कळलंच पाहिजे.

आमचं मत विचाराल तर रस्त्याच्या कडेला धरणं धरा आणि प्रांताधिकाऱ्यांना तिथेच निवेदन घ्यायला बोलवा. तरीही रास्ता रोको ठरलाच, तर पोलिसांना लेखी पत्र द्या. त्यात जागा, सुरू करायची आणि उठायची वेळ, जबाबदार माणसांची नावं असू द्या आणि पोच घ्या. घाट, पूल, वळण, उतार या जागा नकोत. उतारावर थांबलेल्या भरल्या ट्रकचा ब्रेक सैल झाला तर चाकामागचा दगड पुरत नाही.

खरा धोका जिथे घोषणा चालतात तिथे नसतो, तो रांगेच्या शेपटाला असतो. एका दिशेने मिनिटाला ५ गाड्या येत असतील तर अर्ध्या तासात १५०. ट्रक-कार मिळून सरासरी १० मीटर धरले तर रांग दीड किलोमीटर. सुरुवातीला सरळ रस्त्यावर असलेलं शेपूट विसाव्या मिनिटाला मागच्या वळणापलीकडे गेलेलं असतं आणि वेगात येणाऱ्या एसटीला ते दिसत नाही. म्हणून दोन्ही बाजूंना दोन-दोन माणसं लाल बावटा घेऊन शेपटाच्या २०० मीटर मागे ठेवा. रांग वाढेल तशी त्यांनी मागे सरकायचं. एकाच जागी उभं राहून उपयोग नाही.

रुग्णवाहिकेचंही तेच. ‘आम्ही रुग्णवाहिका सोडतो’ असं सगळेच म्हणतात, पण ती कार्यकर्त्यांपर्यंत पोचतच नाही, एक किलोमीटर मागेच अडकते. चौपदरी रस्त्यावर डाव्या मार्गिकेत गाड्या थांबवा आणि दुभाजकाकडची साडेतीन मीटरची मार्गिका पहिल्या गाडीपासूनच रिकामी राखा. ती पहिल्यांदा भरतात दुचाकीवाले, मग त्यांच्यामागे रिक्षा. दर शंभर मीटरला एक माणूस उभा राहिला तरच ती मोकळी राहते. दुपदरी रस्त्यावर अशी मार्गिका काढताच येत नाही, तिथे रास्ता रोको करूच नये.

मासळीच्या गाड्या आणि हंगामात आंब्याच्या पेट्या अडवू नका. बर्फ वितळला की नुकसान आपल्याच कोळणीचं आणि बागायतदाराचं होतं. उठताना आधी एसटी आणि आजारी माणसं असलेल्या गाड्या काढा. रांग सुटायला पंधरा-वीस मिनिटं लागतात, तोवर बावटेवाले जागेवर हवेत.

रेल रोकोचा विचार मनातून काढा. कोकण रेल्वे बहुतांश एकपदरी आहे, बोगदे नव्वदहून अधिक. एक गाडी अडली की दोन्हीकडची वाहतूक ठप्प होते आणि मधेच थांबलेल्या गाडीतल्या माणसापर्यंत रस्त्याने पोचता येत नाही. रेल्वे कायद्याच्या कलम १७४ खाली दोन वर्षांपर्यंत कैद आहे.

प्रश्न : खाडीच्या तोंडाशी होड्या लावून निदर्शनं केली तर? – मच्छीमार, देवगड तालुका

उत्तर : कलम २८५ मध्ये रस्त्याबरोबर जलमार्गही येतो, त्यामुळे बोटींच्या येण्याजाण्याची वाट अडवलीत तर तेच कलम लागू शकतं. वाटेच्या बाहेर, कडेच्या पाण्यात होड्या उभ्या करा. बंदर अधिकारी आणि सागरी पोलीस ठाणे दोघांनाही लेखी कळवा.

नांगराचा दोर पाण्याच्या खोलीच्या पाचपट तरी सोडा. खोली ४ मीटर तर दोर २० मीटर. मग होडी तेवढ्याच अंतराने फिरणार, हे धरून दोन होड्यांत मोकळं पाणी ठेवा. पाणी फिरलं की सगळ्या होड्या एकदम वळतात, पण लहान होडी आधी आणि मोठी मागून. टक्कर होते ती याच वेळी. उधाणाच्या ओहोटीला खाडीच्या तोंडाशी ओढ जोराची असते आणि समोरून खारा (समुद्राकडचा) वारा आला की लाटा उभ्या राहतात. म्हणून अष्टमीच्या आसपासचा भांगाचा (भरती-ओहोटीचा जोर कमी असतो तो) दिवस निवडा, आणि पाणी पूर्ण चढायच्या आधीच्या दोन तासांत कार्यक्रम उरका. प्रत्येक होडीत जितकी माणसं तितकी जीवरक्षक जॅकेटं हवीत. मुलं नकोत. तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक प्रत्येक तांडेलाच्या (होडीच्या म्होरक्याच्या) फोनमध्ये आधीच असू द्या.