जुना लॅपटॉप घ्यावा का?

प्रश्न: मला घरून आणि फिरतीवर, दोन्हीकडून काम करायचंय. काम म्हणजे ब्राउझरचे पंधरा-वीस टॅब, एक्सेल आणि रोज दोन-तीन व्हिडिओ कॉल. बजेट कमी आहे. नवीन स्वस्त लॅपटॉप घेऊ की टॅबलेटला कीबोर्ड जोडून भागेल?

उत्तर: टॅबलेटचा विचार आधी डोक्यातून काढा, कारण त्यावरच्या एक्सेलमध्ये मॅक्रो (तीच ती कामं आपोआप करणारे छोटे प्रोग्रॅम) चालत नाहीत आणि कॉल चालू असताना बाजूला शीट उघडून बघायची म्हटलं की जीव मेटाकुटीला येतो. आणि नवीन पण अगदी स्वस्त लॅपटॉप, ज्यात 4 जीबी रॅम आणि 64 जीबी ईएमएमसी (स्वस्तातलं, हळू चालणारं) स्टोरेज असतं, तो तर घेऊच नका, विंडोजचे अपडेट आले की त्यात जागाच उरत नाही आणि रॅम बहुतेक वेळा बोर्डलाच सोल्डर केलेली असते, म्हणजे नंतर वाढवायची सोयच नाही.

माझं मत विचाराल तर ऑफिससाठी बनवलेला जुना, रिफर्बिश्ड म्हणजे तपासून-दुरुस्त करून पुन्हा विकायला काढलेला लॅपटॉप घ्या. लेनोवोचा थिंकपॅड टी480 बघा, 2018चं मॉडेल आहे, रॅमचे दोन स्लॉट आहेत, मागची बॅटरी बाहेरून काढता येते, कीबोर्ड तर मस्तच. डेलच्या लॅटिट्यूड, एचपीच्या एलिटबुकमध्येही असे सापडतात. प्रोसेसर मात्र इंटेलच्या 8व्या जनरेशनचा किंवा त्यापुढचा हवा, कारण विंडोज 11 अधिकृतपणे त्याच्याखाली चालत नाही आणि विंडोज 10चा नेहमीचा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025ला संपला. रॅम 16 जीबी करून घ्या, 8मध्ये कॉल आणि वीस टॅब एकत्र ओढत नाहीत.

पैसे द्यायच्या आधी दोन गोष्टी स्वतः बघा. बायोसला (विंडोजच्याही आधी सुरू होणाऱ्या सेटिंगला) पासवर्ड आहे का ते बघा, असेल तर सरळ नाही म्हणा. आणि विंडोजचा बॅटरी रिपोर्ट काढून डिझाइन कपॅसिटी (नवी असतानाची क्षमता) आणि फुल चार्ज कपॅसिटी (आता उरलेली क्षमता) शेजारी शेजारी वाचा, दुसरा आकडा पहिल्याच्या निम्म्यावर आला असेल तर नव्या बॅटरीचा खर्च धरूनच भाव करा. विकणारा "बॅटरी एकदम ओके" म्हणतोच, त्यावर जाऊ नका.

वाचलेल्या पैशातून दुसरा मॉनिटर लगेच घेऊ नका, आधी स्टँड, वेगळा कीबोर्ड आणि माउस घ्या. स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या पातळीला आली पाहिजे, दिवसभर मान खाली घालून बसलात की काही आठवड्यांत खांदे बोलायला लागतात हो, आणि तो त्रास पटकन जात नाही. घडीचा स्टँड बॅगेत सहज मावतो.

प्रश्न: फिरतीवर चार्जिंगसाठी पॉवर बँक कुठली घेऊ?

उत्तर: यूएसबी-सी पीडीवाली (पीडी म्हणजे पॉवर डिलिव्हरी, जास्त वॉटने चार्ज करायची सोय), आउटपुट 65 वॉट असलेली, फोनच्या साध्या पॉवर बँकेवर लॅपटॉप चार्ज होत नाही. विमानाने जाणार असाल तर 100 वॉट-अवर क्षमतेच्या आतलीच घ्या, 3.7 व्होल्टला ते साधारण 27,000 एमएएच होतं, आणि ती हातातल्या बॅगेतच ठेवायची, चेक-इनच्या सामानात चालत नाही.