उपचार संपले तरी पुढे काळजी लागणारे रुग्ण रुग्णालयातच अडकून राहतात. हा उशीर कसा कमी करावा?

उशीर दिसतो शेवटच्या दिवशी, पण त्याची सुरुवात पहिल्या दिवशीच झालेली असते. रुग्ण दाखल झाल्यावर एक-दोन दिवसांतच घरी जाण्याची अंदाजे तारीख ठरवा आणि नातेवाइकांना सांगा. तेव्हाच विचारा: घरी जिने किती? रात्री सोबतीला कोण? खुब्याचं हाड मोडलेल्या आजींना वॉकर मिळतो, पण बाथरूमचं दार वॉकरपेक्षा अरुंद आहे हे निघायच्या सकाळी कळतं. मग आणखी दोन दिवस गेलेच.

माझ्या मते सगळ्यात मोठा फरक पडतो तो एकाच माणसावर जबाबदारी दिल्याने. नाहीतर डॉक्टर, परिचारिका, फिजिओथेरपिस्ट सगळे एकमेकांची वाट बघत बसतात. औषधांची यादी आणि डिस्चार्जचे कागद आदल्या संध्याकाळीच तयार हवेत.

इंग्लंडमध्ये दीर्घकालीन गरजांची तपासणी रुग्ण घरी पोहोचल्यावर करण्याची पद्धत आहे. ती मला पटते, कारण स्वतःच्या स्वयंपाकघरात माणूस काय करू शकतो हे वॉर्डात कळत नाही. स्वीडनने १९९२ च्या सुधारणेत उपचार पूर्ण झालेल्या रुग्णाच्या खाटेचा खर्च वृद्धांची पुढची काळजी बघणाऱ्या नगरपालिकांवर टाकला, आणि अडकलेल्या खाटा कमी झाल्या.

घाई मात्र नको. नळीतून अन्न भरवणं, कूस बदलणं हे घरच्यांनी नर्ससमोर स्वतःच्या हाताने करून बघितल्याशिवाय रुग्णाला पाठवू नका. पण विनाकारण ठेवूही नका, कारण पडून राहिल्याने म्हाताऱ्या माणसांची पायांतली ताकद फार लवकर जाते.