चुंबकीय सेन्सरसाठी मटेरियल सायन्स घ्यावे की इलेक्ट्रॉनिक्स?

प्रश्न : मी भौतिकशास्त्राच्या पदवीच्या शेवटच्या वर्षात आहे. प्रकल्पासाठी हॉल सेन्सर (चुंबकीय क्षेत्रानुसार व्होल्टेज देणारा सेन्सर) वापरून पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र मोजण्याचा प्रयत्न केला, परंतु वाचन सतत सरकत राहिले. पुढे अतिसंवेदनशील चुंबकीय सेन्सर याच विषयात शिकण्याची इच्छा आहे. त्यासाठी मटेरियल सायन्स घ्यावे की इलेक्ट्रॉनिक्स? यांतला सर्वोत्तम सेन्सर कोणता, म्हणजे त्यातच प्रावीण्य मिळवता येईल? विषय फार अरुंद आहे, पुढे नोकरीची अडचण होईल, असे वडिलांचे मत आहे.

उत्तर : तुमच्या पत्रातले सर्वांत महत्त्वाचे वाक्य प्रश्नांमध्ये नाही, ते सरकणाऱ्या वाचनाविषयीच्या वाक्यात आहे. प्रकल्प फसला असे तुम्हाला वाटलेले दिसते. माझ्या मते या क्षेत्राचा खरा अभ्यासक्रम तिथूनच सुरू होतो. पृथ्वीचे क्षेत्र साधारण 25 ते 65 मायक्रोटेस्ला असते. सिलिकॉनच्या साध्या हॉल सेन्सरमध्ये क्षेत्र शून्य असतानाही जो व्होल्टेज दिसतो, तो बहुधा याहून कितीतरी मोठ्या क्षेत्राइतका असतो आणि तापमान बदलले की तोही बदलतो. म्हणजे सेन्सरला क्षेत्र जाणवत होते, पण त्याच्या स्वतःच्या गोंगाटात (नॉइज, म्हणजे सिग्नलमध्ये मिसळणाऱ्या नको त्या चढउतारांत) ते बुडून गेले होते.

म्हणून ‘सर्वोत्तम सेन्सर कोणता’ हा प्रश्न थोडा बदलून घ्यावा लागेल. किती लहान क्षेत्र, किती वेगाने बदलणारे आणि कोणत्या परिस्थितीत मोजायचे आहे, हे ठरल्याशिवाय त्याला उत्तर नाही. हृदयाचे चुंबकीय क्षेत्र छातीजवळ दहा ते शंभर पिकोटेस्लाच्या घरात, म्हणजे पृथ्वीच्या क्षेत्राच्या सुमारे दहा लाखांश असते. मेंदूचे त्याहूनही शेकडो पटींनी क्षीण असते. मोटारीच्या चाकाचा वेग मोजणाऱ्याला यातले काहीच नको असते. त्याला तेल, धूळ आणि उष्णता सहन करणारा स्वस्त सेन्सर हवा असतो, आणि तिथे हॉल सेन्सर उत्तम काम देतो.

आता मटेरियल सायन्सच्या बाजूचे एक उदाहरण जरा तपशिलाने पाहू. दोन चुंबकीय थरांमध्ये विद्युतरोधकाचा अतिशय पातळ पडदा ठेवला, तर इलेक्ट्रॉन त्यातून ‘टनेल’ होतात, म्हणजे आरपार जातात, आणि थरांच्या चुंबकनाच्या परस्पर दिशेनुसार विद्युतरोध बदलतो; त्यावरून क्षेत्र मोजता येते. 1995 मध्ये ॲल्युमिनियम ऑक्साइडचा पडदा वापरून सामान्य तापमानाला हा बदल दहा-वीस टक्क्यांपर्यंत दाखवला गेला. 2004 मध्ये स्फटिकरूप मॅग्नेशियम ऑक्साइडमुळे तो 200 टक्क्यांच्या आसपास पोहोचला. यातला कोबाल्ट-लोह-बोरॉनचा चुंबकीय थर स्पटरिंगने (आयनांच्या माऱ्याने अणू उडवून) बसवताना स्फटिकरूप नसतो. नंतर तापवल्यावर तो शेजारच्या ऑक्साइडची शिस्त उचलून स्फटिक बनतो. अवघ्या एक-दोन नॅनोमीटरच्या पडद्याभोवतीची ही करामत मला आजही विलक्षण वाटते. परंतु सिग्नल दहापट वाढला म्हणून मोजण्याची क्षमताही दहापट वाढली, असे झाले नाही. पडद्यातले दोष आणि चुंबकीय डोमेनच्या (एकाच दिशेने चुंबकित असलेल्या छोट्या भागांच्या) हालचाली यांमुळे कमी वारंवारितेला गोंगाटही मोठा राहतो, आणि हृदय किंवा भूगर्भ यांचे सिग्नल नेमके त्याच पट्ट्यात येतात.

फ्लक्सगेट नावाच्या सेन्सरने हीच अडचण तंत्राने सोडवली. त्यात मऊ, म्हणजे सहज चुंबकित होणारा, गाभा प्रत्यावर्ती प्रवाहाने दोन्ही दिशांना संपृक्त करतात, म्हणजे त्याचे चुंबकन आणखी वाढू शकत नाही इथवर नेतात. बाहेरचे क्षेत्र असेल तर त्या प्रवाहाच्या दुप्पट वारंवारितेचा सिग्नल उमटतो, म्हणजे मोजमाप कमी वारंवारितेच्या गोंगाटापासून दूर नेले जाते. 1977 मध्ये सुटलेल्या व्हॉयेजर अंतराळयानांवर असे सेन्सर 13 मीटर लांब दांड्यावर बसवले होते, कारण यानाचे स्वतःचे चुंबकीय क्षेत्र हाच तिथला मोठा उपद्रव होता.

स्क्विड या अतिवाहक वलयाच्या सेन्सरची गोष्ट वेगळी. त्यात सहसा वापरले जाणारे नायोबियम 9.2 केल्विनखाली अतिवाहक होते, म्हणजे त्याचा विद्युतरोध नाहीसा होतो, म्हणून ते द्रवरूप हेलियममध्ये ठेवावे लागते. उच्च तापमानाचे अतिवाहक द्रवरूप नायट्रोजनवर, 77 केल्विनला चालतात, मात्र त्यांचा गोंगाट सहसा अधिक असतो. रुबिडियमच्या तापवलेल्या वाफेवर लेसर टाकून मोजणारे सेन्सर या थंडाव्याशिवाय फेम्टोटेस्लापर्यंत (पिकोटेस्लाच्या हजारांशापर्यंत) पोहोचतात, पण त्यांतल्या सर्वांत संवेदनशील प्रकाराला भोवतालचे क्षेत्र जवळपास शून्य करून द्यावे लागते. हिऱ्यातील नायट्रोजन-रिक्ती केंद्रे (नायट्रोजनचा अणू आणि शेजारची रिकामी जागा) वापरून क्षेत्र मोजण्याचे संशोधनही जोरात आहे.

एवढे सांगण्याचे कारण असे की, तुमची निवड सेन्सरच्या नावावरून करू नये. निर्वात पात्र, पातळ थर, तापवण्याचे वेळापत्रक, पुन्हा पुन्हा बिघडणारे नमुने यांत तुम्ही रमणार असाल, तर मटेरियल सायन्स घ्या. लॉक-इन ॲम्प्लिफायर (गोंगाटातून ठरावीक वारंवारितेचा सिग्नल वेचणारे उपकरण), कमी गोंगाटाचे सर्किट आणि तारांच्या मांडणीमागे दिवस घालवणे आवडत असेल, तर इलेक्ट्रॉनिक्स घ्या. तुमच्या मूळ पत्रात सर्किटचे वर्णन दीड पान आहे आणि सेन्सरच्या पदार्थाचा उल्लेख एका ओळीचा. त्यावरून माझा कल दुसऱ्या पर्यायाकडे झुकतो. मात्र कोणतीही शाखा घेतली तरी दुसऱ्या बाजूचा निदान एक विषय आणि एक प्रयोगशाळा पदरात पाडून घ्या. गोंगाट पदार्थातून येतो की सर्किटमधून, हे वेगळे करून दाखवणारी माणसे दोन्हीकडे हवी असतात.

वडिलांची शंका रास्त आहे, पण ती पदवीच्या नावाला लागू पडते, शिकलेल्या कामाला नाही. पातळ थर आणि निर्वात तंत्र चिपनिर्मितीत चालते; क्षीण सिग्नल मोजण्याचे कौशल्य वैद्यकीय उपकरणे, विद्युत वाहनांतील प्रवाहमापन, भूभौतिक सर्वेक्षण, अंतराळ उपकरणे अशा अनेक ठिकाणी लागते. केवळ स्क्विडवर प्रबंध लिहून दुसरे काहीच हाताळले नाही, तर मात्र त्यांची भीती खरी ठरू शकते.

अर्ज भरण्यापूर्वी तोच प्रयोग एकदा पुन्हा करा. लोखंडी पायांचे टेबल, मोबाइल आणि पॉवर सप्लाय दूर ठेवा. सेन्सर क्षेत्राच्या दिशेने ठेवून वाचन घ्या, लगेच 180 अंशांत फिरवून दुसरे घ्या आणि दोन्हींतील फरकाचा अर्धा काढा. सेन्सरचा स्वतःचा व्होल्टेज त्यात बराचसा वजा होतो. अशी शंभर वाचने घेऊन ती किती विखुरतात याचा आलेख काढा आणि तो, सुरुवातीच्या फसलेल्या आलेखासह, अर्जाला जोडा.