वाचकांचे प्रश्न : बासच्या ल्युअरचा रंग कसा निवडावा?

प्रश्न : मी दोन वर्षांपासून लार्जमाउथ बास या गोड्या पाण्यातल्या शिकारी माशासाठी गळ टाकतो. पेटीत तीसहून अधिक रंगांची ल्युअर, म्हणजे गळाला बांधायची कृत्रिम आमिषे, जमली आहेत, तरी पाण्याकाठी उभे राहिल्यावर कोणते बांधावे हे ठरत नाही. पाच-दहा वेळा फेकूनही मासा लागला नाही की मी रंग बदलतो आणि सकाळचा निम्मा वेळ गाठी मारण्यातच जातो. रंग निवडण्याची काही रीत आहे का?

उत्तर : रीत आहे, आणि ती समजली की आपल्या पेटीतली निम्मी ल्युअर बाजूला ठेवता येतील. माणसाच्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या शंकुपेशी तीन प्रकारच्या असतात. बासच्या डोळ्यात त्या दोनच प्रकारच्या असून एक प्रकार हिरव्या आणि दुसरा तांबड्या प्रकाशाला सर्वाधिक प्रतिसाद देतो. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात बासना ठरावीक रंगाकडे जायला शिकवले, तेव्हा तांबडा आणि हिरवा हे रंग त्यांनी अचूक ओळखले, मात्र पोपटी-पिवळा आणि पांढरा यांत, तसेच निळा आणि काळा यांत त्यांची गल्लत झाली. म्हणजे काळे ल्युअर काढून गडद निळे बांधण्यात आपण जी मिनिटे घालवता, ती माशाच्या दृष्टीने बहुधा वायाच जातात.

आता पाण्याकडे वळू, कारण माझ्या मते खरा निर्णय तिथेच होतो. पाणी सगळे रंग सारखे शोषत नाही. नितळ पाण्यात तांबडा प्रकाश सर्वांत आधी नाहीसा होतो, त्यामुळे काठावर लालभडक दिसणारे ल्युअर काही मीटर खाली गेले की काळपट दिसू लागते. उलट पालापाचोळा कुजून चहासारख्या झालेल्या पाण्यात निळा प्रकाश आधी संपतो आणि तांबूस-पिवळा उरतो. म्हणून गाठ मारण्यापूर्वी एक पांढरे ल्युअर दोरीला धरून काठाशी हळूहळू खाली सोडावे आणि ते कुठे दिसेनासे होते ते पाहावे. ते हातभर खोलीवरच दिसेनासे झाले तर पाणी गढूळ समजावे आणि ठळक आकृती उमटेल असे काळे-निळे किंवा झगझगीत पोपटी-पिवळे बांधावे. ते चांगले खोलवर दिसत राहिले तर मासाही ते नीट न्याहाळू शकतो. अशा वेळी तिथले बास ज्या लहान माशांवर जगतात त्यांच्याजवळ जाणारे फिके रुपेरी किंवा अर्धपारदर्शक हिरवट-तपकिरी रंग घ्यावेत. चकाकत्या पात्याच्या ल्युअरमध्येही उन्हात आणि नितळ पाण्यात रुपेरी, तर गढुळात सोनेरी पाते हा अनुभवी मंडळींचा पाठ आहे. बास तळाशी क्रेफिश (गोड्या पाण्यातले छोट्या शेवंड्यासारखे कवचधारी जीव) खात असतील तर तपकिरी आणि विटकरी छटा उपयोगी पडतात.

आणखी एक गोष्ट दुकानात सहज नजरेतून सुटते. पृष्ठभागावर चालणाऱ्या ल्युअरची पाठ सुंदर रंगवलेली असते, पण खालून वर पाहणाऱ्या बासला उजळ आकाशासमोर त्याचे पोटच दिसते. तेव्हा अशी ल्युअर उलटी करून पोटाचा रंग पाहूनच घ्यावीत.

रंग बदलण्यापूर्वी ल्युअरची खोली आणि ओढण्याचा वेग बदलून पाहावा. मासा ज्या खोलीवर आहे तिथून ल्युअर जातच नसेल, तर रंगाचा प्रश्नच उद्भवत नाही. मी स्वतः एका जागी आधी खोली, मग वेग आणि शेवटी रंग बदलतो, आणि तोही फिक्याकडून थेट गडदाकडे जाऊन, म्हणजे झालेला फरक रंगामुळे झाला की नाही ते कळते.

प्रश्न : अंधार पडल्यावर चमकदार रंग वापरावेत की गडद?

उत्तर : गडद, आणि बहुतेक वेळा निखळ काळा. फार मंद प्रकाशात शंकुपेशींचे काम जवळजवळ थांबते आणि दृष्टी मंद उजेडात काम करणाऱ्या दंडपेशींवर चालते, त्यामुळे माशाला रंग कळेनासा होऊन केवळ उजेड-अंधाराचा फरक उरतो. रात्रीचे आकाशही पाण्यापेक्षा थोडे उजळ असते व त्यासमोर काळी आकृती सर्वांत स्पष्ट उमटते. अशा वेळी ल्युअर संथ, एकसारख्या गतीने ओढावे, म्हणजे माशाला त्याचा माग धरून झडप घालता येते.