‘एक वर्ष घरीच बसू दे’ म्हणणाऱ्या बाबांसाठी

नमस्कार. मुलीची बारावीची परीक्षा कोविडमुळे रद्द झाली, अंतर्गत मूल्यमापनावर ८८ टक्के मिळाले, तुम्हाला ते ‘फुकटचे’ वाटतात आणि ऑनलाइन कॉलेजला फी भरण्यापेक्षा तिने वर्षभर ड्रॉप घेऊन एन्ट्रन्सची तयारी करावी असं तुम्ही ठरवलंय. बरं. पण एवढ्या लांबलचक पत्रात तिला काय हवंय याची एक ओळ नाही हो! उलट सहज लिहून गेलात की ती लेक्चरला कॅमेरा बंद ठेवते म्हणून तुम्ही शेजारी खुर्ची टाकून बसता, आणि हल्ली ती जेवायलाही खोलीबाहेर येत नाही. मला मार्कांपेक्षा याचीच काळजी वाटतेय. नातेवाइकांसमोर तिला ‘कोविड बॅच’ म्हणणं आधी बंद करा, परीक्षा तिने रद्द केली नव्हती, दोन वर्षं शिकली तर तीच ना?

एन्ट्रन्स द्यायचीच असेल तर कॉलेज करत करतही देता येते.

आता ‘वर्षाने काय बिघडतं, पुढच्या वर्षी निवांत प्रवेश घेऊ’ हा गैरसमज. ठरवून, काम किंवा कोर्स हातात घेऊन घेतलेली गॅप वेगळी आणि साथीला कंटाळून घरी बसणं वेगळं. बारावीनंतर लगेच प्रवेश न घेणाऱ्यांमध्ये डिग्री पूर्ण करणाऱ्यांचं प्रमाण कमीच असतं, एकदा अभ्यासाची सवय तुटली, घरची कामं नाहीतर छोटीमोठी नोकरी मागे लागली की फॉर्म भरायचा राहूनच जातो. २००८ च्या मंदीत अमेरिकेत लोक उलट कॉलेजकडे वळले होते, २०२० मध्ये तिथल्या कम्युनिटी कॉलेजांत (कमी फीची, दोन वर्षांच्या कोर्सची सरकारी कॉलेजं) मात्र विद्यार्थी साधारण १० टक्क्यांनी घटले, आणि गळाले ते जास्त करून तंगीतल्या घरांतले. पैशाचीच अडचण असेल तर तसं सरळ बोला, तिच्या मार्कांवर ढकलू नका. हप्ते मिळतात का, पुढच्या वर्षी सीट आणि स्कॉलरशिप राहते का, लेक्चरचं रेकॉर्डिंग मिळतं का, हे कॉलेजला लेखी विचारा. म्हणजे तिने विचारावं, तुम्ही नाही.

ती खुर्ची आजच उचला. झोप, जेवण, मैत्रिणींशी बोलणं असंच तुटलेलं राहिलं तर आधी समुपदेशकाकडे न्या, प्रवेशाचं त्यानंतर बघू. आणि पुढचं पत्र तिला लिहू द्या, वाचायला मागू नका.