मॉरिशसची सहल, कोल्हापूरचा एजंट आणि निपाणीचं गिऱ्हाईक

प्रश्न : मी निपाणीला राहते, शिक्षिका आहे. सासऱ्यांची पंचाहत्तरी म्हणून नाताळच्या सुट्टीत सासू-सासरे आणि आम्ही दोघं असे चौघं मॉरिशसला जायचं ठरलं. तिथं मराठी माणसं पिढ्यान्‌पिढ्या राहतात, गणेश चतुर्थीला सरकारी सुट्टी असते, हे मामंजींनी कुठंतरी वाचलं होतं. तेव्हापासून त्यांचा तोच ध्यास. ऑगस्ट २०२५ मध्ये कोल्हापुरातल्या एका ट्रॅव्हल एजंटाकडे पॅकेज बुक केलं. जीएसटी धरून ४,८०,००० रुपये, वर टीसीएस (परदेशी सहल विकणाऱ्यानं गिऱ्हाईकाकडून आगाऊ गोळा करायचा आयकर) २४,०००. सप्टेंबरअखेर सगळे पैसे पोचते केले, काही बँकेतून, काही यजमानांच्या क्रेडिट कार्डावरून. मुक्काम ‘बेल मार’ या ठिकाणी, समुद्राला लागून असलेल्या रिसॉर्टमध्ये. निघायचं २२ डिसेंबरला.

१२ नोव्हेंबरला एजंटाचा व्हॉट्सॲप आला : ते रिसॉर्ट फुल झालंय, तेवढ्याच स्टारचं हॉटेल क्वात्र बोर्नला दिलंय. नकाशा पाहिला तर तिथं समुद्रच नाही. मी रागानं लिहिलं, ‘मग आम्हाला यायचंच नाही, कॅन्सल करा.’ आता तो म्हणतो, प्रवासाला पंचेचाळीस दिवसांपेक्षा कमी राहिले असताना तुम्ही रद्द केलं, म्हणून ७५ टक्के कापणार. उरलेल्या १,२०,००० ची क्रेडिट नोट देतो, वर्षाच्या आत वापरा. ‘मी नुसता मध्यस्थ, खोली मुंबईच्या कंपनीनं दिली नाही,’ असंही म्हणतो. पावतीच्या मागं ‘वाद मुंबईच्याच कोर्टात’ असं छापलंय. आम्ही कर्नाटकातले, तो महाराष्ट्रातला. बेळगावात केस घातली तर सगळं कन्नडात करावं लागेल का? पोलिसांत जाऊ का? आणि मामंजींना आता दुसरीकडून बुकिंग करून नेलं तर केस बिघडेल का?

उत्तर : ताई, तुमच्या पत्रात एक तारीख आहे, तिच्याकडे तुमचं लक्ष गेलेलं दिसत नाही. २२ डिसेंबरच्या आधी पंचेचाळीस दिवस म्हणजे ७ नोव्हेंबर. तुम्ही पाठवलेल्या अटींप्रमाणे त्या दिवसापर्यंत सहल रद्द केली असती तर २५ टक्के कापले गेले असते, त्यानंतर ७५. आणि रिसॉर्ट बदलल्याचं त्यानं तुम्हाला कळवलं १२ नोव्हेंबरला, म्हणजे ती रेघ ओलांडून पाच दिवस झाल्यावर. योगायोग असेलही. पण बेल मारची खोली हातातून गेली हे त्याला नेमकं कधी समजलं, हे आता त्यानं सांगायचं आहे. तुमच्या नोटिशीतला पहिला प्रश्न हाच ठेवा आणि उत्तरासोबत रिसॉर्टशी झालेला पत्रव्यवहार मागा. खोली ऑक्टोबरातच गेली होती असं निघालं, तर त्याच्याजवळ बोलायला फारसं काही उरत नाही.

तुमची कमकुवत बाजूही आधीच पाहून ठेवू. ‘कॅन्सल करा’ हे तुमचे शब्द आहेत आणि लेखी आहेत. त्याचा वकील ते मोठे करून छापील आणि म्हणेल, गिऱ्हाईकानं स्वतः सहल मोडली. त्याला उत्तर आहे. ठरलेलं देण्याचं आपल्या हातून होणार नाही असं एका बाजूनं सांगितलं, तर दुसऱ्या बाजूला करार संपवता येतो (भारतीय करार कायदा १८७२, कलम ३९), आणि असा रास्तपणे करार संपवणाऱ्याला नुकसानभरपाईही मागता येते (कलम ७५). म्हणजे सहल तुम्ही मोडली नाही, त्यानं मोडलेली तुम्ही मान्य केली. हा फरक लेखी नोंदवायला उशीर करू नका. आजच व्हॉट्सॲपवर आणि ईमेलवर चार ओळी पाठवा : ठरलेलं रिसॉर्ट देणं तुम्हाला जमलं नाही, म्हणून आम्ही करार संपवला, आम्ही ती आपखुशीनं रद्द केलेली नाही, पूर्ण रक्कम परत करा. रागातली भाषा नको, ती तुमची एकदा वापरून झाली आहे.

तो पुढं करील ते दुसरं हत्यार म्हणजे तुमच्या कार्यक्रमपत्रिकेत रिसॉर्टच्या नावापुढं बारीक अक्षरात असलेलं ‘किंवा तत्सम’. असं जवळजवळ प्रत्येक पॅकेजमध्ये असतं, आणि त्यात मुळात गैर काही नाही. शेजारचं, त्याच किनाऱ्यावरचं, त्याच दर्जाचं हॉटेल दिलं असतं तर मी तुम्हाला गप जाऊन या असंच म्हटलं असतं. पण बेल मार पूर्व किनाऱ्यावर आहे आणि क्वात्र बोर्न हे बेटाच्या आतल्या पठारावरचं शहर. जाहिरातीत समुद्र दाखवायचा आणि स्टार मोजून गावातली खोली द्यायची, याला तत्सम म्हणत नाहीत. सेवेच्या दर्जाविषयी खोटी समजूत करून देणं हा ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे अनुचित व्यापारी व्यवहार आहे, आणि ठरलेली सेवा न देणं ही सेवेतली त्रुटी. त्यानं पाठवलेलं माहितीपत्रक, फोटो, फेसबुकवरची जाहिरात, सगळ्याचे स्क्रीनशॉट आजच काढा. नोटीस गेल्यावर असल्या गोष्टी गायब होतात.

‘मी नुसता मध्यस्थ’ हे वाक्य प्रत्येक एजंटाच्या तोंडी असतं. त्याला खोडायला तुमच्याकडे सगळ्यात चांगला कागद आहे, आणि तो त्यानंच दिलाय. परदेशी सहलीच्या पॅकेजवर टीसीएस गोळा करायची जबाबदारी आयकर कायद्यात (तुमच्या बुकिंगच्या वेळी लागू असलेला १९६१ चा कायदा, कलम २०६सी, पोटकलम १जी) पॅकेजच्या विक्रेत्यावर आहे. त्यानं तुमच्याकडून २४,००० रुपये त्या नावाखाली घेतले, म्हणजे सरकारसमोर तो विक्रेता म्हणून उभा राहिला. ग्राहक आयोगासमोर मध्यस्थ आणि आयकर खात्यासमोर विक्रेता, असं दोन्हीकडून चालत नाही. मुंबईच्या कंपनीचं नाव कागदांवर असेल तर तिलाही तक्रारीत सामनेवाला (ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे तो) क्रमांक दोन करा, म्हणजे एकमेकांकडे बोट दाखवायची सोय राहणार नाही.

याच टीसीएसचं आणखी एक काम. ज्यांच्या पॅनवर तो कापला त्यांचा २६एएस (त्यांच्या नावावर जमा झालेल्या कराचा उतारा) आयकराच्या पोर्टलवर उघडून पाहा. २४,००० तिथं दिसत असतील तर ती रक्कम सरकारकडे जमा आहे. रिटर्न भरताना तिचा क्रेडिट घ्या, एजंटाकडे वेगळी मागू नका, नाहीतर त्याला विनाकारण एक मुद्दा मिळेल. दिसत नसतील तर त्याला विचारा की ते पैसे गेले कुठं. हा प्रश्न मी नोटिशीत जाड टायपात टाकीन.

आता सगळ्यात उपयोगी काम, ज्याला वकील लागत नाही. बेल मारच्या त्या रिसॉर्टला थेट ईमेल करा : २३ डिसेंबरच्या आसपास आमच्या चौघांच्या नावानं बुकिंग होतं का, कधी झालं, कुणी आणि कधी रद्द केलं. पासपोर्टवरची नावं द्या. सगळी रिसॉर्टं उत्तर देतात असं नाही, पण दिलं तर अर्धा खटला तिथंच संपतो. विमानाच्या तिकिटांचंही तसंच. एजंटाकडून चौघांचे पीएनआर मागा आणि विमान कंपनीकडे तपासा. तिकिटं काढली होती आणि कंपनी भारतीय असेल, तर तिकीट नॉन-रिफंडेबल असलं तरी सरकारी कर आणि विमानतळाची शुल्कं परत मिळतात, हा नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा नियम आहे. तिकिटं काढलीच नव्हती, तर तो ७५ टक्के कशाचे कापतो हे त्यालाच विचारावं लागेल.

करारात दंडाची टक्केवारी लिहिलेली असली म्हणून ती आपोआप मिळत नाही. करार कायद्याचं कलम ७४ वाजवी भरपाईपुरतंच परवानगी देतं, आणि सर्वोच्च न्यायालयानं २०१५ मध्ये कैलाश नाथ असोसिएट्सच्या निकालात सांगितलं आहे की नुकसान सिद्ध करता येण्याजोगं असेल तिथं ते सिद्ध करावं लागतं. हे तर करार मोडणाऱ्या गिऱ्हाईकाबद्दल झालं. तुम्ही तो मोडलेलाच नाही.

केस कुठं, हा तुमचा खरा प्रश्न. सीमाभागातल्या माणसाला तो पडतोच. महाराष्ट्राचा सीमावादाचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. तुमच्या रिफंडला सुदैवानं त्याची वाट पाहायची नाही. ग्राहक कायद्याच्या कलम ३४ प्रमाणे तक्रार तीन ठिकाणी करता येते : सामनेवाल्याचा धंदा जिथं आहे तिथं, वादाचं कारण पूर्ण किंवा अंशतः जिथं घडलं तिथं, किंवा तक्रारदार जिथं राहतो वा काम करतो तिथं. हा शेवटचा पर्याय २०१९ च्या कायद्यानं नव्यानं दिला. म्हणजे बेळगावचा जिल्हा आयोगही चालेल आणि कोल्हापूरचाही. पावतीमागच्या ‘मुंबईच्याच कोर्टात’ला घाबरू नका. कायद्यानं दिलेला पर्याय छापील ओळीनं जात नाही असाच आयोगांचा कल असतो. लवादाचं कलम असलं तरी ग्राहक आयोगाचं दार बंद होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये एमार एमजीएफच्या प्रकरणात सांगितलंच आहे.

मी स्वतः बेळगावात वकिली करतो, तरी तुम्हाला कोल्हापूर सांगेन. भाषा हे एक कारण आहे. बेळगावात तक्रार कन्नड किंवा इंग्रजीत द्यावी लागेल आणि मराठी कागदांना अनुवाद जोडावा लागेल. इंग्रजीत देता येते, त्यामुळे कन्नडाची धास्ती नको, पण खर्च आणि वेळ वाढतो. कोल्हापुरात तुमचा मराठी व्हॉट्सॲप जसाच्या तसा वाचला जाईल. निपाणीहून कोगनोळी नाका ओलांडून कोल्हापूर गाठणं बेळगावपेक्षा जवळही आहे. पण मुख्य कारण वसुली. आदेश मिळवणं तुलनेनं सोपं, पैसे काढणं अवघड. दिवाणी हुकूमनाम्यासारखी अंमलबजावणी करायची वेळ आली, तर एजंटाचं दुकान, खातं, गाडी सगळं कोल्हापुरात आहे. आदेशही तिथलाच असला म्हणजे मधली पायरी वाचते. आदेश न पाळणाऱ्याला एक महिना ते तीन वर्षं कैद किंवा किमान २५,००० रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात, आणि अपिलात जायचं तर त्याला आधी निम्मी रक्कम भरावी लागते. एवढं कळल्यावर बरेच एजंट चहा सांगून तडजोडीला बसतात.

तक्रारीच्या रचनेत एक सावधगिरी. कापलेल्या ७५ टक्क्यांना ‘अन्यायकारक करार’ म्हणून त्यावरच तक्रार उभी करू नका. तसल्या तक्रारींची सुनावणी कायद्यानं राज्य आयोगाकडे दिली आहे. तुम्हाला तिकडची वाट दाखवली जाईल. सेवेतली त्रुटी आणि अनुचित व्यापारी व्यवहार, या दोनच खुंट्यांवर ती टांगा. जिल्हा आयोगाची हद्द दिलेल्या मोबदल्यावर ठरते, ५० लाखांपर्यंत, त्यामुळे तुम्ही आत आहात. ५ लाखांपर्यंत शुल्क शून्य, त्यावर १० लाखांपर्यंत २०० रुपये. टीसीएस मोबदल्यात धरायचा की नाही यावर लेखनिकाशी हुज्जत घालण्यापेक्षा २०० रुपये भरून मोकळ्या व्हा. तक्रार ऑनलाइनही करता येते, वकील नेमणं सक्तीचं नाही, आणि अर्ज केला तर व्हिडिओवरून सुनावणीची सोय आहे. मुदत दोन वर्षांची, म्हणजे नोव्हेंबर २०२७. पण तोवर थांबलात तर एजंटाचा बोर्ड बदललेला असेल. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा, फुकट आहे. मग पंधरा दिवसांची नोटीस स्पीड पोस्टानं पोच घेऊन पाठवा. व्हॉट्सॲपच्या छापील प्रतींसोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र जोडा. तोपर्यंत तो फोन बदलू नका, विकू नका.

मागणी काय करायची? पूर्ण ४,८०,०००, त्यावर व्याज, तक्रारीचा खर्च आणि मानसिक त्रासाची भरपाई. शेवटचा आकडा फुगवू नका. सहलीच्या वादात दहा लाखांचा मनस्ताप लिहिलेला पाहिला की आयोगाला उरलेली तक्रारही तशीच वाटू लागते.

क्रेडिट कार्डावरून गेलेल्या रकमेसाठी यजमानांनी कार्ड देणाऱ्या बँकेकडे ‘सेवा मिळाली नाही’ म्हणून लेखी वाद नोंदवावा. त्याची मुदत कमी असते, म्हणून हे नोटिशीच्याही आधी करा.

क्रेडिट नोट घेऊ नका. तो १,२०,००० रोख किंवा बँकेतून परत करत असेल तर घ्या, पण ‘हक्क राखून, अंशतः’ असं लिहून. ‘पूर्ण व अंतिम’ असं छापलेल्या कागदावर सही केलीत तर पुढचं सगळं कठीण होईल.

पोलिसांत इतक्यात नको. रिसॉर्ट न मिळणं हा दिवाणी वाद आहे. फसवणुकीसाठी पैसे घेतानाच इरादा वाईट होता हे दिसावं लागतं. रिसॉर्टचं उत्तर आलं की तुमच्या नावानं कधीच बुकिंग नव्हतं, किंवा टीसीएस भरलाच नाही असं निघालं, तर चित्र बदलतं. मग भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ आहे, आणि गुन्हा कोल्हापूरच्या हद्दीत घडला म्हणून निपाणीचं ठाणं माहिती नोंदवायला नकार देऊ शकत नाही. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये ते स्पष्ट आहे.

राहिली मामंजींची सहल. दुसरीकडून खुशाल बुकिंग करा, केस बिघडत नाही. नव्या सहलीचा सगळा खर्च मात्र जुन्या एजंटाकडून मिळेल असं धरू नका. यावेळी ठरावीक रिसॉर्टचं नाव लेखी घ्या, ‘किंवा तत्सम’पुढं ‘समुद्राला लागून, त्याच किनाऱ्यावर’ एवढं हातानं लिहून एजंटाची सही घ्या, आणि शेवटचा हप्ता रिसॉर्टकडून बुकिंगचा क्रमांक आल्यावरच द्या. भारतीयांना मॉरिशसला आधी व्हिसा काढावा लागत नाही, परतीचं तिकीट आणि राहण्याची सोय दाखवावी लागते. आणि डिसेंबरचा हट्ट सोडा. तिकडं तेव्हा भर उन्हाळा, चक्रीवादळांचा हंगाम आणि वर्षातले चढे दर. मे ते ऑक्टोबर हवा कोरडी आणि सुखाची असते. म्हणजे शाळेच्या उन्हाळी सुट्टीचा मे महिना तुमच्या कामी येईल.